सोवांच्या घरातली पहिली मुलगी

शुक्रवारी दुपारी तीन वाजता लामतेमान गावात कोंबड्या सोडल्या तर एरवी फक्त ओडार्लेच जागी असते. भोंग्याच्या खोलीत पंखा लावून ती संध्याकाळच्या बातम्यांच्या चिठ्ठ्या लावत बसते. त्या दिवशी सगळ्यात वर हरवलेल्या बोकडाची चिठ्ठी होती, कारण बोकडाचा मालक दारातच ठाण मांडून होता. तिच्याखाली मंगळवारी पाण्याचा टँकर येणार अशी एक आणि मंगळवारी टँकर येणार नाही अशी दुसरी, दोन्ही अगदी शपथेवर दिलेल्या. मग लसीकरण, मग फुटबॉलचा सामना. तळाशी चर्चमध्ये गाणाऱ्या दोन बायकांचं भांडण मिटल्याची बातमी होती. ती ओडार्ले तीन आठवडे मागे ढकलत होती, कारण भांडण मिटलेलं नव्हतं.

सतरा वर्षं ती हे करत होती. भोंगा तिच्या वडिलांनी, म्हाताऱ्या सोवांनी लावलेला. लोखंडी खांबावर चार दिशांना चार तोंडं होती, पण आवाज मात्र तिचा. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहाला ती बोलायला लागली की अक्राकडे निघालेले लोकसुद्धा बुटाची नाडी हातात धरून थांबत. वडिलांनी तिला एकच नियम शिकवला होता. चूक झाली तर ती त्याच भोंग्यावरून, त्याच वेळेला दुरुस्त करायची, म्हणजे ज्या कानांनी चूक ऐकली तेच कान दुरुस्तीही ऐकतात. एकदा तिनं एका जिवंत सुताराला मयत जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यालाच बोलावून माईकवर खोकायला लावलं.

त्या शुक्रवारी अंगणात मात्र नुसती धांदल होती. उद्या पहाटे तिच्या धाकट्या भावाच्या, ओबोडाईच्या मुलीचं बारसं होतं. निळा मंडप उभा राहत होता. प्लास्टिकच्या खुर्च्या उतरत होत्या. कार्लेकाकू, म्हणजे म्हाताऱ्यांची धाकटी भावजय, मक्याच्या आंबवलेल्या पेयाच्या मडक्यात डोकं घालून नाक मुरडत होती. बाळंतीण एसिनाम आतल्या खोलीत होती. आठवा दिवस उजाडेपर्यंत बाळाला घराबाहेर काढायचं नसतं.

"भोंग्यावर बोलते ती तूच का?"

ओडार्लेनं मान वर केली. दारात बोकडाच्या मालकाला बाजूला सारून एक म्हातारी उभी होती. ठेंगणी, ठसठशीत, डोक्याला जांभळा रुमाल. तिच्या हाताला आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, तिच्या अंगावर इस्त्रीचा शाळेचा गणवेश होता.

"मीच. या, बसा. काय हरवलंय?"

"हरवलेलं काही नाही. सापडलेलं आणलंय." म्हातारी बसली. "मी आयोर्को. ओढ्यापलीकडच्या नव्या प्लॉटांवर राहते. गेल्या पावसाळ्यात आलो आम्ही. तुझा आवाज तिकडं छान येतो हं."

"ऐकता का तुम्ही?"

"न ऐकून जाते कुठं! काल पहाटे तू म्हणालीस, ओबोडाई सोवाच्या पहिल्या मुलीचं शनिवारी बारसं आहे, सगळ्यांनी यावं."

"हो, या ना तुम्हीपण."

"ते चुकलं," आयोर्को म्हणाली. "पहिली ही आहे. दुरुस्ती वाच."

बोकडाच्या मालकानं आपली खुर्ची हळूच जवळ ओढली. ओडार्लेनं उठून त्याला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

सोवांच्या घरात मुलींची नावं शोधावी लागत नाहीत. बापाची पहिली मुलगी देदे, दुसरी कोको, तिसरी काई, आणि पुढं मानाचं नाआ लागतं. पणजोबांच्या आधीपासून हे असंच चालत आलंय. त्यामुळे यांच्या बारशाला नाव काय ठेवणार असं कुणी विचारत नाही. कितवी, एवढंच विचारतात आणि बाकीचं बोटांवर मोजतात. बापाच्या घरी बारसं झालं की मूल त्या घरचं. नाही झालं तर ते आईच्या गावात लाडानं वाढेल, पण घराचं नाव काही त्याला मिळायचं नाही.

"तुमच्याकडं पुरावा काय?" ओडार्लेनं विचारलं, आणि विचारताविचारताच तिची नजर मुलीच्या डाव्या कानाकडं गेली. कानाच्या मुळाशी टाचणी टोचल्याएवढं बारीक भोक होतं. ते ओबोडाईला होतं, म्हाताऱ्या सोवांना होतं, आरशात पाहिलं तर तिलाही होतं.

"ही आठ दिवसांची असताना मी हिला घेऊन या फाटकापर्यंत आले होते," आयोर्को म्हणाली. "तुझ्या आईनं मला आत घेतलं नाही. म्हणाली, माझा मुलगा अजून लहान आहे. सव्वीस वर्षांचा घोडा! तुझे वडील खांबावर चढून तार जोडत होते. त्यांनी मला वरून हात केला. त्यांना वाटलं, बातमी द्यायला आलेय."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्यावर आता चिडायचीसुद्धा सोय नव्हती.

"मग तेव्हाच का नाही…"

"मलाही मान आहे, बाई. फाटकातून परत पाठवल्यावर पुन्हा जाऊन उभं राहायचं? माझ्या शोर्मेनं हिला एकटीनं वाढवलं, टेमात केस विंचरायचं दुकान टाकलं. आमचं काही अडलं नाही. पण आता शाळेत नाव विचारतात. ही म्हणते, ब्लेसिंग. ते विचारतात, पुढं? पुढं काही नाही." म्हातारी उठली. "आणि काल तर तू तिची जागाच दुसरीला देऊन टाकलीस, तीही चारी दिशांना. मुलीला इथंच ठेवून जाते. पहाटे मी ओढ्यापलीकडून ऐकेन."

"अहो, थांबा! असं कसं ठेवून जाता?"

"आत्याकडं तर ठेवतेय," म्हणत म्हातारी गेलीसुद्धा.

मुलगी माईककडं टक लावून बघत होती. "यात बोललं की आमच्या घरी ऐकू येतं?"

"येतं."

"मग तुम्ही बोकडाला का नाही सांगत घरी ये म्हणून? माणसांना काय सांगता?"

ओडार्लेला हसू आलं. मुलगी तिला आवडली होती. आता ओडार्ले ओबोडाईला सोडणार नव्हती.

ओबोडाई टेमाच्या बंदरात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनवर काम करी. वीस टनांचा डबा तो जहाजावर अलगद ठेवी, पण घरातला साधा शब्द त्याला उचलवत नसे. ओडार्लेनं त्याला मंडपाच्या खांबामागं गाठलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो खांबाला टेकला.

"इथं आलीये? आत्ता?"

"काकूकडं मक्याचं केंके आणि मासा खातेय. म्हणजे तुला माहीत होतं तर!"

"माहीत होतं… पण आई म्हणाली, मी बघते. मग तिनं बघितलं असं मला वाटलं."

"आठ वर्षं वाटत राहिलं का?"

"वाढदिवसाला बूट पाठवायचो मी. शोर्मेच्या दुकानावर."

"वा, बूट! नाव द्यायचं सोडून पायात घालायला दिलंस." ओडार्लेचा आवाज चढला तसा तिनं तो दाबून खाली आणला. "हे बघ, एसिनामला तू सांगायचंस. अंधार पडायच्या आत. मी पहाटे साडेपाचला दुरुस्ती वाचणार, आणि तिला ते भोंग्यावरून कळलं तर तुझं तूच निस्तर."

"सांगतो, सांगतो. आधी जरा खुर्च्या कमी पडताहेत का बघून येतो," असं म्हणून तो फाटकाबाहेर गेला तो गेलाच. खुर्च्या अंगणातच होत्या, एकीवर एक, साठ.

पाच वाजता म्हाताऱ्यांच्या खोलीत बैठक बसली. म्हातारे सोवा अठ्ठ्याहत्तरचे. हाताशी काठी आणि मांडीवर रेडिओ, तो ते फक्त चिडल्यावर बंद करीत. ओडार्लेनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी तो बंद केला.

"मी खांबावर होतो?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा. तिला हात केलात म्हणे."

"चारी दिशा दिसत होत्या मला वरून," म्हातारे म्हणाले, "आणि माझ्या फाटकात काय चाललंय ते दिसलं नाही." ते काठीची मूठ अंगठ्यानं घासत राहिले. बायकोवरचा राग आणि बायकोची आठवण एकदम आली की माणूस तसाच बसतो.

कार्लेकाकूला शांतता सोसत नसे. "माझं ऐका, भाऊजी. उद्याचं उद्या ठरल्याप्रमाणं होऊ द्या. बाळ देदे. पोरीला पुढंमागं बघू काहीतरी, दोन वार कापड देऊ. बिचाऱ्या एसिनामला बाळंत होऊन अजून आठ दिवससुद्धा झाले नाहीत. ओल्या बाळंतिणीला असला धक्का द्यायचा का?"

ओडार्ले बघतच राहिली. याच काकूनं लग्नात एसिनामला केटाची परकी, नदीपलीकडची, माशात साखर घालणारी अशी चार वर्षं पुरतील एवढी नावं ठेवली होती. आज अचानक बिचारी! मग तिच्या लक्षात आलं. काकूच्या आईचं नाव देदे होतं. मंगळवारपासून काकू सगळ्या गल्लीला माझी आई परत आली म्हणून सांगत सुटली होती. मायेचा पाझर तिकडून होता.

"उद्या मी जमिनीवर दारू ओतून पूर्वजांना हाक मारणार," म्हातारे म्हणाले. "त्यांना सांगू, ही पहिली? ते मेलेत, बहिरे नाहीत झालेले. पहिली ती देदे. बाळ कोको. संपलं."

काकूचं तोंड आक्रसलं. ओडार्लेला वाटलं, जिंकलो.

"पण भोंग्यावर काही वाचायचं नाही," म्हातारे पुढं म्हणाले. "घरातलं घरात. अंगणात जे येतील ते ऐकतील. गावाला कशाला?"

"बाबा, चूक गावाला सांगितली होती."

"मग?"

"मग नियम तुमचाच आहे."

"नियम बातम्यांचा आहे. ही बातमी नाही, हे घर आहे."

"सुताराचंही घरच होतं. त्याच्या बायकोनं रडून गल्ली गोळा केली होती. तेव्हा तुम्हीच म्हणालात, लाज वाटली तरी वाच." ओडार्लेला आता थांबता येईना. "सतरा वर्षं मी या गावात कोण पळालं, कोण सापडलं ते वाचतेय. लोक खाली मान घालून येतात, चिठ्ठी देतात, मी वाचते. आपल्यावर आलं की घरातलं घरात? मग उद्यापासून कुणाच्या दारातली बातमी कुठल्या तोंडानं वाचू?"

म्हाताऱ्यांनी रेडिओ पुन्हा लावला. म्हणजे बैठक संपली, ठरलं काहीच नाही.

ती बाहेर आली तर ब्लेसिंग जागेवर नव्हती. पाटावर माशाचे काटे नीट रांगेत लावून ठेवलेले. मडक्यांमागं नाही, मंडपात नाही. शेवटी बाळंतिणीच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं आणि ओडार्लेनं तिकडं धाव घेतली.

आत एसिनाम पलंगावर बसली होती. मांडीवर बाळ, शेजारी ब्लेसिंग. एसिनामनं बाळाची टोपी वर सारली होती आणि बोटाच्या टोकानं बाळाचा डावा कान धरला होता. मग तिनं तेच बोट ब्लेसिंगच्या डाव्या कानाजवळ नेलं.

"ताई," मान वर न करता ती म्हणाली, "काकू म्हणाल्या, ही चर्चमधल्या कुणाची तरी मुलगी. कुणाची?"

ओडार्ले बऱ्याच बातम्या रोखून धरू शकत होती. खोटी मात्र तिला आजवर एकही वाचता आली नव्हती.

"आपली," ती म्हणाली.

एसिनामनं बाळाची टोपी खाली ओढली. "तुम्हाला कधी कळलं?"

"आज दुपारी तीन वाजता."

"आणि त्याला?"

"आठ वर्षांपूर्वी."

बाळानं उचकी दिली. ब्लेसिंग म्हणाली, "तिला पाणी द्या," आणि कुणीच दिलं नाही.

"तू जा बाळा, काकूकडं, अजून मासा आहे," असं सांगून ओडार्लेनं मुलीला बाहेर पाठवलं आणि एसिनाम रडेल म्हणून तिच्या शेजारी बसली. एसिनाम रडली नाही. केटाची माणसं समुद्रानं घर नेलं तरी आधी पातेली मोजतात, असं ती स्वतःच सांगायची.

"लग्नाआधीचं आहे ते," ओडार्ले म्हणाली.

"कळलं मला. हिशोब येतो. लग्नाआधी काय केलं त्याचा राग नाही हो. चार वर्षं माझ्याशेजारी झोपून हा गप्प राहिला. आणि उद्या माझ्या पोरीला दुसऱ्या पोरीच्या नावाखाली उभी करणार होता. मोठेपणी कुणीतरी तिला सांगितलंच असतं, अगं, ते तुझं नाहीच म्हणून. गावात एक ना एक कार्लेकाकू असतेच." तिनं नाक पुसलं. "आता काय ठरलंय?"

ओडार्लेनं बैठकीतलं सांगितलं. मीच पहाटे दुरुस्ती वाचीन म्हणाली.

"तुम्ही नाही."

"अगं, पण…"

"तुम्ही वाचलीत तर तो खुर्च्यांमागं उभा राहून ऐकेल. मला ओळखता येतो तो. मुलगी त्याची, चूक त्याची, तोंडही त्यालाच दिलंय देवानं. त्यानं वाचायचं. तोवर हे बाळ बाहेर येणार नाही." तिनं उठून दाराची कडी लावून पाहिली, मग काढून ओडार्लेला वाट दिली. "आणि ताई, त्या मुलीला उद्यासाठी पांढरं काही आहे का? बारशाला कुणी गणवेशात येतं का? माझ्या पेटीत कापड आहे, घेऊन जा. तुम्हीच शिवा. मला जमायचं नाही, मी चिडलेय."

पहाटे पाचला अंगण भरलं. साठ खुर्च्या खरोखरच कमी पडल्या. सगळे पांढऱ्यात, डोळे चोळत, एकमेकांना काल काय ऐकलंस ते विचारत. बोकडाच्या मालकानं दाराबाहेरून ऐकलेलं अर्धं गावभर पोचवलं होतं, आणि उरलेलं अर्धं लोकांनी आपापल्या घरी तयार केलं होतं. बारसं उजाडायच्या आत व्हायला हवं. सूर्याआधी बाळाला आकाश दाखवायचं असतं.

बापाकडच्या दोन बायकांनी बाळाला आणायला जायचं, ही रीत. ओडार्ले आणि कार्लेकाकू दाराशी गेल्या. दाराला आतून कडी.

"एसिनाम, उघड गं," काकूनं गोड आवाज काढला. "आभाळ फटफटायला लागलं."

"तो भोंग्यावर बोलला की उघडते," आतून उत्तर आलं, अंगणात सगळ्यांना पोचेल एवढ्या आवाजात.

साठ खुर्च्या आणि त्यांच्यामागं उभी असलेली माणसं एकदम दाराकडं वळली. ओबोडाई मंडपाच्या मागच्या खांबाशी होता, पांढरा झगा, नवीन चपला. रात्री त्यानं खोलीचं दार तीनदा वाजवलं होतं आणि तिन्ही वेळा 'पहाटे' एवढंच ऐकलं होतं. त्यानं वडिलांकडं पाहिलं.

"बाबा, तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकेल."

म्हातारे सोवा अंगणाच्या मधोमध बाटली हातात घेऊन उभे होते. पूर्वेकडं कडेकडेनं उजळत होतं. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा भोंग्याच्या खांबाकडं, आणि मग ब्लेसिंगकडं. ती पहिल्या रांगेत नव्या पांढऱ्या कपड्यात पाय हलवत बसली होती. शिवण एका बाजूला उसवली होती, कारण ओडार्लेला बोलता येतं, शिवता येत नाही.

"मी एकदा वर चढून बसलो," म्हातारे म्हणाले, "म्हणून तर एवढं रामायण झालं. आता तू तरी खाली थांबू नकोस. जा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक कालपासून म्हणताहेत," म्हातारे म्हणाले. "आता तू म्हण."

ओडार्ले आधीच भोंग्याच्या खोलीत पोचली होती. तिनं बटण दाबलं. यंत्राचा दिवा लागला, भोंग्यातून नेहमीची खरखर आली आणि लामतेमानभर बुटांच्या नाड्या थांबल्या. ओबोडाई दारात आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"लिहून दे ना, ताई."

"नाही."

"काय म्हणू?"

"कितवी ते म्हण."

तिनं खुर्ची सोडली. तो बसला, माईक दोन्ही हातांनी धरला, आणि इतका वेळ नुसता श्वास घेत राहिला की गल्लीतला एक कुत्रा भुंकायला लागला. ओडार्लेला वाटलं, हा उठतोय. भाऊ उठून गेला असता तर ती काय करणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. माईक तिच्या हाताशी होता, पण त्या एका बातमीपुरता तिचा आवाज कुणालाच नको होता.

"लामतेमानच्या रहिवाशांना कळविण्यात येते की," त्यानं सुरुवात केली आणि थांबला. "नाही. मी ओबोडाई बोलतोय. सोवांचा. गुरुवारी इथून सांगितलं, शनिवारी माझ्या पहिल्या मुलीचं बारसं आहे म्हणून. ते चुकलं. म्हणजे ताईचं नाही चुकलं. माझं चुकलं. माझी पहिली मुलगी आठ वर्षांची आहे. तिची आई शोर्मे. शोर्मेनं आणि तिच्या आईनं वाढवलंय तिला, मी नुसते बूट पाठवले. माझ्या बायकोला मी हे सांगितलं नव्हतं, आता सांगतोय. आज पहाटे आमच्या घरी दोन मुलींचं बारसं आहे. मोठी नाआ देदे सोवा. धाकटी नाआ कोको सोवा." तो पुन्हा थांबला. "बोकड अजून सापडलेला नाही."

अंगणात कुणीतरी हसलं, आणि त्याच वेळी कडी निघाल्याचा आवाज झाला.

म्हाताऱ्यांनी वेळ घालवला नाही. बाटली कलती केली, दारू मातीत जिरली. "त्स्वा, त्स्वा, ओमान्ये आबा! शुभ येवो!"

"हियाओ!" अंगण म्हणालं.

भोंगा चालूच राहिला होता, ओडार्लेनं तो बंद केला नव्हता. खोलीच्या दारातून म्हाताऱ्यांचा आवाज माईकमध्ये शिरत होता आणि चारी तोंडांतून बाहेर पडत होता. दुसऱ्यांदा "ओमान्ये आबा" झालं तेव्हा "हियाओ!" अंगणातून आलं, शेजारच्या गल्लीतून आलं, पाण्याच्या टाकीकडून आलं, आणि मग बऱ्याच उशिरानं, एका ठसठशीत म्हातारीच्या घशातून, ओढ्यापलीकडून आलं.

रीतीप्रमाणं आधी मोठी. बाळाला जमिनीवर ठेवतात, मग छपरावर पाणी फेकतात आणि ते पाऊस पडावा तसं अंगावर गळतं. ब्लेसिंग आपण होऊन मातीत आडवी झाली, हात अंगाशी घट्ट धरून. पाण्याचा पहिला थेंब पडताच "गार आहे!" म्हणून ओरडली आणि सगळं अंगण हसलं. आता तिला तीनदा आभाळाकडं उचलायचं होतं. म्हातारे वाकले, कमरेला हात लावून तसेच थांबले.

"वीस टनाचे डबे उचलतो ना हा?" दारातून एसिनाम म्हणाली. कडेवर बाळ, डोळे रात्रभराचे लाल. ती नवऱ्याशी बोलत नव्हती, त्याच्या विषयी बोलत होती, आणि पुढचा निदान एक महिना हीच व्यवस्था राहणार हे अंगणातल्या प्रत्येक बाईला समजलं. "मग उचलू दे की."

ओबोडाईनं मुलीला उचललं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिचे लांब पाय त्याच्या छातीवर आपटत होते, पांढऱ्या झग्यावर चिखल लागत होता. ती खाली बघून त्याचा चेहरा नीट न्याहाळत होती, जसा वर्गात नवा मास्तर न्याहाळतात. मग बाळाची पाळी आली. बाळ कोको झालं आणि सगळा वेळ झोपून राहिलं. कार्लेकाकू पदराआड रडली. आपली आई आठ वर्षांपूर्वीच परत आली होती आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती मोठीला जवळ ओढून तिच्या केसांतली माती काढू लागली.

उजाडलं. माणसं मक्याच्या पेयाकडं वळली. ओडार्ले यंत्र बंद करायला खोलीत आली तेव्हा मुलगी तिच्या आधी तिथं येऊन उभी होती, ओली, केस मोकळे.

"ते म्हणाले ते आमच्या घरी ऐकू गेलं?"

"गेलं. आजी ओरडली की तुझी. ऐकलं नाहीस?"

"आणि शाळेत?"

"शाळा बंद आहे आज. पण बाई इकडंच राहतात, टाकीजवळ. त्यांनी ऐकलं असणार."

मुलीनं विचार केला. "झोपल्या असतील तर?"

ओडार्लेनं बटणावरचं बोट काढलं आणि खुर्ची मागं सरकवली. मुलगी वर चढून बसली, माईक दोन्ही हातांनी धरला आणि आत्याकडं पाहिलं.

"पूर्ण नाव घेऊ का?"

"पूर्ण घे," आत्या म्हणाली.